काठोकाठ

वाशीम जिल्ह्यातला माणूस भरलेलं तळं पाहून ‘वा, काय सुंदर!’ असं म्हणत नाही. तो विचारतो, ‘किती टक्के?’

पाऊस लांबला की आमच्याकडे पेपर हातात पडल्यावर आधी प्रकल्पांच्या साठ्याचा तक्ता वाचतात, राशिभविष्य नंतर. एकबुर्जी, सोनल, अडाण ही नावं आम्ही दवाखान्यात ठेवलेल्या नातेवाइकांसारखी घेतो. ‘एकबुर्जी कसं आहे?’ ‘कालच्यापेक्षा बरं आहे, पण अजून धोक्याबाहेर नाही.’ त्यात मी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. त्यातली बहुतेक वर्षं जलसाठ्याच्या रजिस्टरापुढे गेली. पाणी पाहिलं की लोकांना कविता सुचतात, मला रकाने दिसतात : जिवंत साठा, मृत साठा, एकूण साठा, गतवर्षी याच दिवशी.

अशा माणसाला जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे घरी अंगाची लाही होत असताना आणि मृग तोंडावर असताना, त्याच्या लेकीनं इटलीतल्या कोमो सरोवराच्या काठी पाठवून दिलं. लेक आणि जावई मिलानला नोकरी करतात. दोघांनाही सुट्टी नव्हती. म्हणून तिनं आम्हाला आगगाडीत बसवलं, मोबाइलमध्ये तिकिटं भरली आणि सहलीला निघालेल्या पोरांना सांगावं तसं चारदा सांगितलं : वारेन्नाला उतरा, बोटीचा दिवसभराचा पास घ्या, काठावरची गावं पाहा आणि शेवटच्या बोटीच्या आत परत या. यातली पहिली तीन कामं आम्ही चोख केली.

मिलानहून वारेन्ना म्हणजे तासाभराची गाडी. स्टेशनातून उतार उतरलं की एकदम समोर पाणी येतं. पायरीला चिकटलेलं, निळंशार. मी जागच्या जागी थांबलो.

‘शंभर टक्के,’ मी म्हणालो.

‘काय?’ ही म्हणाली.

‘भरेल आहे. जूनमधी.’

‘मंग काय रिकामं पायजे व्हतं तुमाले?’

आता हिला काय सांगणार? जूनमध्ये भरलेलं तळं माझ्या मते नियमात बसत नव्हतं. आमच्याकडे मे संपता संपता धरणाचा तळ उघडा पडतो, गाळाला भेगा जातात आणि जिथं दिवाळीत पाणी होतं तिथं पोरं क्रिकेट खेळतात. इथे सगळा मामला उलटा. त्याचं कारण रात्री जावईबापूंनी समजावून सांगितलं. हिवाळ्यात डोंगरावर जे पडतं ते बर्फ होऊन वरच बसतं आणि उन्हाळा लागला की वितळून आड्डा नावाच्या नदीतून खाली सरोवरात येतं. गच्चीवर टाकी, खाली नळ, अशी ही व्यवस्था. आमचा पाऊस चार महिन्यांत सगळा पगार हातावर ठेवतो आणि उरलेले आठ महिने फिरकत नाही. आमची अडाण, त्यांची आड्डा. नावात फरक एवढासा आणि नशिबात एवढा!

नकाशावर हे सरोवर दोरीवर वाळत घातलेल्या पायजम्यासारखं दिसतं. वरून, नाडीच्या बाजूनं, आड्डा आत शिरते. खाली दोन पाय. एका पायाच्या टोकाला कोमो शहर, दुसऱ्याच्या टोकाला लेक्को. आड्डा लेक्कोच्या पायातून बाहेर पडते. कोमोचा पाय शिंप्यानं खालून शिवून टाकलेला. तिकडून पाण्याला वाटच नाही, त्यामुळे पूर आला की पाणी थेट कोमोच्या चौकात फिरायला येतं.

कॉफी प्यायला बसलो तेव्हा मी कागदी रुमालावर हिशेब मांडला. सवय जात नाही. सरोवराचा पसारा १४६ चौरस किलोमीटर. म्हणजे पातळी एक मीटर वाढली की साठा १४६ दलघमी वाढला. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. वाशीमच्या शाळकरी पोरालाही हा शब्द पाठ असतो. एकूण पाणी साधारण २२,५०० दलघमी. आपल्या जायकवाडीच्या नाथसागराची क्षमता २,९०९ दलघमी, म्हणजे साडेसात नाथसागर या पायजम्यात मावतात. गंमत अशी, की पसारा नाथसागराचाच मोठा, तब्बल साडेतीनशे चौरस किलोमीटर. पण नाथसागर परात आणि कोमो रांजण. खोली चारशे मीटरहून जास्त. त्यातलं सोडता-अडवता येणारं पाणी म्हणाल तर वरचं दीडएक मीटर. बाकी सगळा मृत साठा. एवढा देखणा मृत साठा मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

यात आमचं एकबुर्जी किती वेळा बसेल, तेही मी मांडलं होतं. मग रुमालाची घडी करून खिशात घातली. घरचं बाहेर सांगू नये.

‘सोडता-अडवता’ हा शब्द मी उगीच वापरला नाही. सरोवर नैसर्गिक असलं तरी आड्डा जिथून बाहेर पडते तिथे, ओल्जिनाते नावाच्या गावी, १९४६ पासून दारं बसवलेली आहेत आणि पातळी त्या दारांवर ठरते. खाली लोम्बार्दीच्या मैदानात मका आणि भात पिकवणारे शेतकरी पाणी सोडा म्हणतात, वर काठावरचे हॉटेलवाले पाणी ठेवा म्हणतात. हे ऐकल्यावर मला परदेशात आल्यासारखं वाटेनासं झालं. २०२२ च्या उन्हाळ्यात उत्तर इटलीत मोठा दुष्काळ पडला तेव्हा हे सरोवरही पार खाली गेलं होतं आणि दोन्ही बाजूंनी आरडाओरडा झाला होता. टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही ही तक्रार इटालियनमध्ये कशी करतात ते मात्र विचारायचं राहिलं.

काठावरची गावं पाहून माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो असा : ही सगळी गावं बुडीत क्षेत्रात आहेत, यांचं पुनर्वसन कसं झालं नाही? आमच्याकडे धरणाच्या पाण्याला लागून गाव नसतं. असलंच तर उठवून दूर माळावर नेऊन ठेवलेलं असतं. त्याच्या नावापुढे ‘नवीन’ लागतं आणि ते पन्नास वर्षं नवीनच राहतं. इथे माणसं घराच्या खिडकीतून हात खाली सोडला तर पाण्याला लागेल अशी राहतात. चारशे-चारशे वर्षं राहतात आणि कोणी नोटीस दिलेली नाही.

दुसरी गोष्ट बोटीत बसल्यावर कळली. एसटीतून गाव दिसतं ते मागून. आधी उकिरडा, मग पंक्चरचं दुकान, मग कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स, मग स्टँड आणि स्टँडच्या मागे कुठेतरी गाव. बोटीतून गाव समोरून दिसतं, लग्नात फोटोला उभ्या राहिलेल्या खानदानासारखं. पुढच्या रांगेत बसलेली बुटकी घरं, मागे उभी मोठी घरं, पिवळी, गेरूच्या रंगाची, गुलाबी. आणि सगळ्यात मागे मान वर करून चर्चचा मनोरा, प्रत्येक घरात एक उंच काका असतो तसा. आपल्याकडे तळं गावाच्या पाठीशी असतं. गावाचं तोंड रस्त्याकडे आणि पाठ पाण्याकडे. पाठीमागे काय काय टाकलं जातं ते सांगत बसत नाही.

वाशीमात पाण्याच्या समोर बसायच्या जागा नाहीत असं नाही. पद्मतीर्थ आहे, मधोमध महादेवाच्या देवळासकट. बालाजीच्या मंदिराजवळचं देवतळं आहे, भवानी काळूनं अठराव्या शतकात बांधलेलं. पण तिथे आपण जातो ते देवाला. पाणी बघायला म्हणून कोणी गेला तर ‘घरी काही झालं का?’ असं विचारतात.

बोट ही कोमोची एसटी. हे एकदा लक्षात आलं की परकेपणा गळून पडतो. तिथेही तीन दर्जे आहेत : गावोगाव थांबणारी साधी, जास्तीचे पैसे घेऊन मधली गावं गाळणारी जलद, म्हणजे त्यांची शिवशाही, आणि मोटारी पोटात घालून पलीकडे नेणारी पसरट फेरी. बोट धक्क्याजवळ आली की एक माणूस दोर भिरकावतो, खुंट्याला दोन वेढे देतो, फळी सरकवतो आणि गावाचं नाव ओरडतो. ‘बेल्लाऽऽजो!’ चाल अगदी ‘अकोला-अकोला-अकोलाऽऽ’ची. चेहराही तोच. मागे आल्प्सचे डोंगर, खाली निळं पाणी, लोक फोटो काढून काढून थकलेले आणि हा गडी मात्र जेवायची सुट्टी कधी होते याच विचारात. जगातल्या कंडक्टरांचं एकच घराणं असावं.

रांग मोठी होती. हिनं मला काही न बोलता पर्समधून नॅपकिन काढला, कठड्यावरून वाकून आतल्या बाकावर टाकला आणि निवांत झाली. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं हा वाशीमच्या स्टँडवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला कायदा आहे. त्यावर कोणी अपील करत नाही. आम्ही आत पोचलो तर बाकावर एक उंच, सोनेरी केसांचे आजोबा बसलेले. त्यांनी तो नॅपकिन उचलून झटकला, नीट घडी घातली आणि ‘आपलं हे पडलं होतं’ अशा मायेनं हिच्या हातात दिला. वर हसले. ही एवढी हताश झालेली मी आमच्या लग्नानंतर पाहिली नव्हती.

हिला गाडी लागते. पातूरच्या घाटातलं एकही वळण असं नसेल जे हिनं डोळे मिटून, नाकाशी लिंबू धरून पार केलेलं नाही. त्यामुळे बोटीची धास्ती होती. आवळासुपारी, दोन लिंबं, प्लास्टिकच्या पिशव्या असा सगळा सरंजाम घेऊन आम्ही निघालो होतो. पंधरा मिनिटांत बेल्लाजो आलं, बोट हलकेच धक्क्याला टेकली आणि मी उत्साहानं म्हणालो, ‘लागली बोट!’

हिनं तत्काळ लिंबू काढलं. ‘कोणाले?’

बेल्लाजो पायजम्याचे दोन पाय फुटतात बरोबर त्या जागी वसलेलं आहे. गावाच्या टोकाला पुंता स्पार्तिवेंतो म्हणतात, म्हणजे वारा वाटून देणारं टोक. आमच्याकडे भाऊ भाऊ शेत वाटतात आणि मग हातभर धुऱ्यासाठी तीन पिढ्या कोर्टात जातात. इथे वाऱ्याची वाटणी झाली आणि मोजणीला कोणी गेलं नाही. वाऱ्यालाही वेळापत्रक आहे. सकाळी उत्तरेकडून तिवानो, दुपारी दक्षिणेकडून ब्रेव्हा. जुने नावाडी सकाळी एकाच्या भरवशावर खाली जात आणि दुपारी दुसऱ्याच्या भरवशावर वर येत. आमच्याकडचं वावधन टिनपत्रं उडवायच्या आधी कोणाला विचारतं का? १८२६ मध्ये इथे वाफेवरची बोट आली आणि वाऱ्याची नोकरी गेली. पण तो बिचारा अजून हजेरी लावतो.

गाव म्हणजे सगळा जिना. गल्ली म्हणून जी सांगतात ती पायऱ्यांची असते, दोन्ही बाजूंना रेशमाची दुकानं आणि वर पोचल्यावर आणखी एक गल्ली. गुडघ्यांनी पहिल्याच गल्लीत राजीनामा दिला. या गावाचं नाव लावून अमेरिकेत लास व्हेगासला एक प्रचंड हॉटेल उभं आहे, समोर खोदून केलेलं तळं आणि नाचरी कारंजी वगैरे. ते उघडलं १९९८ साली. त्याच साली, १ जुलैला, अकोल्यातून फुटून आमचा वाशीम जिल्हा झाला. एकाच वर्षी जन्मलेली ही दोन बाळं. एकाला तळं खोदून मिळालं, दुसऱ्याला कलेक्टर कचेरी. ज्याचं त्याचं नशीब.

दोन हजार वर्षांपूर्वी प्लिनी नावाचा रोमन गृहस्थ या भागात होऊन गेला. कोमोचाच. काका-पुतण्या दोघंही प्लिनी, हा पुतण्या. त्याची या सरोवरावर बरीच घरं होती. त्यातल्या दोन लाडक्या घरांना त्यानं नावं दिली होती : एकाचं ‘शोकांतिका’, दुसऱ्याचं ‘सुखांतिका’. शोकांतिका उंच खडकावर, नटाच्या उंच टाचांच्या जोड्यावर उभी असल्यासारखी. सुखांतिका खाली पाण्यालगत, सपाट जोड्यात. सुखांतिकेत झोपायच्या खोलीतूनच, जवळजवळ अंथरुणात पडल्या पडल्या, गळ टाकून मासे धरता येतात असं त्यानं पत्रात लिहून ठेवलं आहे. शोकांतिका बेल्लाजोच्या टेकडीवर होती असं इथले लोक मानतात. मी हिला हे सांगितलं. ती पायऱ्यांवर बसून गुडघा चोळत होती. म्हणाली, ‘एवढ्या पायऱ्या चढून घरी जायचं म्हणल्यावर दुसरं काय नाव ठेवन बिचारा?’

आमच्या कॉलनीत ‘मातोश्री’ अकरा आहेत आणि ‘आईवडिलांची कृपा’ सात. घरावर ‘शोकांतिका’ लिहायला घरपट्टी भरणाऱ्या माणसाकडे फार मोठं मन लागतं. कर्ज फिटेपर्यंत तरी.

जेवणाचा बेत हिच्याकडे होता. तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं. पण लेकीनं बजावलं होतं, तिथलं काहीतरी खा. म्हणून एका हॉटेलात शाकाहारी म्हणून पोलेंता मागवला. पिवळाजर्द, मऊ, वर लोणी, लसूण आणि चीज. हिनं एक घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

‘ह्या तं कण्या आहेत.’

‘मक्याच्या आहेत.’

‘कण्याच न पण? इतक्या दूर इमानात बसून कण्या खायले आलो का आपण?’

खाल्ल्या मात्र सगळ्या. बिल आलं तेव्हा कण्यांखाली आणखी एक रक्कम दिसली. चौकशी केली, तर ते बसण्याचे पैसे. तिकडे याला ‘कोपेर्तो’ म्हणतात. माणशी ठरलेले. हिचं म्हणणं पडलं की असं होतं तर आधी सांगायचं, उभ्यानं खाल्लं असतं. मी तिला युरोचे रुपये करू नको असं विमानातच सांगितलं होतं, कारण असा गुणाकार करणारा माणूस पाणीसुद्धा पिऊ शकत नाही. पण तिचे पाढे पक्के आहेत, हा माझ्या सासऱ्यांचा दोष.

दुपारी साध्या बोटीनं पलीकडच्या काठावर लेन्नोला निघालो. इथे हिचा चेहरा खुलला. लेन्नोला लागून एक झाडीचं टोक पाण्यात शिरलेलं आहे आणि त्यावर व्हिल्ला देल बाल्बियानेल्लो नावाचा वाडा आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंग यांचं लग्न इथेच लागलं. कोकणी पद्धतीनं एकदा, सिंधी पद्धतीनं एकदा. कोमो सरोवर वाशीमला माहीत आहे ते या लग्नामुळे. ते टोक समोर दिसू लागलं तशी ही उठून कठड्याशी गेली आणि अनुभवी बाईच्या नजरेनं तिनं जागेची पाहणी केली.

‘पंगत कुठं बसली असन?’

‘आत असेल अंगण.’

‘एवढ्यात? अन् वऱ्हाड उतरलं कुठं?’

‘बोटीतनं आलं असेल.’

‘सगळं?’ तिनं बोटीतली माणसं मोजली. ‘मंग जेवणारे किती, शंभर बी नसतीन. आपल्या इथं तं एवढे लोकं निस्ते पत्रिका वाटाले लागतात.’

आम्ही दोघंही वऱ्हाडातले, पण या लग्नातले वऱ्हाडी नव्हतो, त्यामुळे जास्त बोलणं बरं नव्हे. तरी माझ्यातल्या वाशीमकराला राहवलं नाही. परगावी देखण्या जागी जाऊन लग्न लावायची ही जी टूम आहे, तिचा मान आमचा आहे. हजार-अकराशे वर्षांपूर्वी राजशेखर नावाच्या पंडितानं ‘काव्यमीमांसा’ नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात काव्यपुरुष रुसून निघून जातो आणि साहित्यविद्या त्याला वळवायला मागोमाग देशोदेशी फिरते. पूर्वेकडे गेली, पांचालात गेली, अवंतीत गेली, दक्षिणेत गेली. गडी थोडा थोडा विरघळत होता, पण पुरता वळला तो विदर्भात. आणि दोघांचं लग्न लागलं वत्सगुल्म नगरात. वत्सगुल्म म्हणजे वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी; अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेणारा वराहदेव याच दरबाराचा मंत्री. राजशेखरानं तर या नगराला कामदेवाची खेळायची जागा म्हटलं आहे. उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता पुसद नाक्यावर उभं राहिलं तर हे पटायला जड जातं, पण ग्रंथात आहे.

हे सगळं मी हिला बोटीत सांगितलं.

‘कोणत्या पद्धतीनं लागलं?’

‘गांधर्व.’

‘म्हणजे आचारी, मांडव काहीच नाही?’

‘नाही.’

‘तरीच ग्रंथात आलं,’ ही म्हणाली आणि पुन्हा वाड्याकडे पाहू लागली.

कोमो शहर आम्ही दुसऱ्या दिवशी जावईबापूंबरोबर पाहिलं. शहर म्हणून ठीक आहे. मला काठावरची लहान गावंच आवडली. पण एक इमारत पाहून हात जोडले. आलेस्सांद्रो व्होल्टा हा तिथला. पहिली बॅटरी बनवणारा, ज्याच्या नावानं आपण व्होल्ट मोजतो. त्याच्या नावाचं मंदिर सरोवराकाठी बांधलेलं आहे, १९२७ सालचं. याच माणसानं १७७६ मध्ये शेजारच्या माज्जोरे सरोवराच्या दलदलीतले बुडबुडे पकडून मिथेन शोधला, म्हणजे आमच्या गोबरगॅसचाही मूळ पुरुष तोच. ज्या शेतकऱ्याला थ्री फेज लाइट रात्री मिळते, आणि मिळते त्याच रात्री डीपी जळते, त्यानं इथे येऊन एकदा नारळ फोडायला हरकत नाही. व्होल्टाचा यात काही दोष नाही. त्यानं शोध लावून दिला, वेळापत्रक दुसऱ्यांनी केलं.

वारेन्नाचं राहिलंच. तिथे पाण्याच्या कडेनं, भिंतीला चिकटून, लोखंडी कठड्याची एक पायवाट काढली आहे. तिचं नाव ‘प्रेमिकांची वाट’. लेकीनं नकाशावर खूण करून दिली होती, त्यामुळे टाळता आली नाही. वाशीमला नवरा-बायको रस्त्यानं चालतात तेव्हा नवरा चार पावलं पुढे असतो. अंतर कमी झालं तर ‘तब्येत बरी नाही का यांची?’ असा संशय घेतात. इथली वाट ठिकठिकाणी एवढी अरुंद की समोरून कोणी आलं की एकामागे एक व्हावंच लागतं. आम्ही पूर्ण वाट आमच्या नेहमीच्या पद्धतीनं पार केली. कोणाला वेगळं वाटलं नाही.

गावाच्या थोडं दक्षिणेला फियुमेलात्ते नावाची नदी आहे. नावाचा अर्थ दुधाची नदी, कारण फेसाळत पांढरीफेक उतरते. डोंगरातल्या गुहेतून निघते आणि सरोवराला मिळते. लांबी किती? अडीचशे मीटर. आमच्या बस स्टँडपासून रिक्षावाला जेवढ्यासाठी यायला नाही म्हणतो, तेवढी. एवढ्याशा नदीची नोंद लिओनार्दो दा विंचीनं आपल्या वहीत करून ठेवली आहे. आमची पैनगंगा बुलढाण्याहून निघून पार वर्धेला मिळेपर्यंत किती जिल्हे तुडवते, तिच्याकडे कोणी विंची फिरकला नाही. फियुमेलात्ते साधारण मार्चच्या अखेरीला सुरू होते आणि ऑक्टोबरात आटते. पंचवीस मार्चचा एक मेरीमातेचा सण आणि ऑक्टोबरातला दुसरा, या दोन सणांच्या मध्ये वाहणारी म्हणून ‘दोन मेरीमातांची नदी’ असंही तिला म्हणतात. मी मनात म्हटलं, आमच्या ओढ्यानाल्यांचंही असंच आहे. मृगाला जागे होतात आणि दिवाळीला झोपतात. फक्त अमुक तारखेला सुरू होईन असा शब्द ते देत नाहीत.

आता चौथं काम. लेन्नोहून परत येताना आम्ही बेल्लाजोला पुन्हा उतरलो, कारण हिला एक स्कार्फ मनातून जात नव्हता. तो घेतला नाही, गुणाकार झाला. पण त्या गुणाकारात वेळ गेला. धक्क्यावर पोचलो तेव्हा फळी आत ओढलेली, दोर सुटलेला आणि बोट हातभर लांब. हिनं हात वर केला. ‘हात दाखवा, एसटी थांबवा’ या योजनेत वाढलेली बाई ती. तिच्या हाताला मालेगाव-मेहकर रस्त्यावर भल्याभल्या गाड्या थांबलेल्या आहेत. कंडक्टरनंही हात वर केला. टाटा केला. बोटीतले चारदोन प्रवासीही हात हलवू लागले. पाच मिनिटं आम्ही एकमेकांना निरोप देत होतो.

ती पायी माणसांची त्या दिवसातली शेवटची बोट होती. खिडकीतल्या माणसानं दोन बोटांनी चाकं फिरवून दाखवली तेव्हा उमगलं, की मोटारींची फेरी अजून आहे. एसटी चुकल्यावर माणूस काळीपिवळीच्या आशेवर उभा राहतो तसे उभे राहिलो. फेरी आली. खाली सगळ्या मोटारी, मध्ये एक भाजीचा टेम्पो, आणि टेम्पोला टेकून आम्ही दोघं. टेम्पोवाला आमच्याकडे पाहून मान हलवून हसला. हिनं त्याला उरलेल्या दोन तिखट पुऱ्या दिल्या. त्यानं एक खाल्ली, डोळ्यांत पाणी आणलं आणि दुसरी कागदात गुंडाळून ठेवली, बहुधा घरी दाखवायला. समोर काठावरचे दिवे लागत होते आणि पाणी काळं होत होतं. त्या अर्ध्या तासात ही एकदाही ‘किती झाले?’ म्हणाली नाही.

मिलानला पोचायला अकरा वाजले. लेक स्टेशनवर उभी होती. ती काय बोलली ते इथे लिहीत नाही. ती लहानपणी क्लासहून उशिरा आली की मी जे बोलायचो तेच होतं, शब्दन्‌शब्द. तुम्ही कधी गेलात तर इटालियन भाषा शिकू नका, फक्त ‘उल्तिमा कोर्सा’ एवढं पाठ करा. शेवटची फेरी. बोटीत पाय ठेवायच्या आधी विचारा.

जूनच्या शेवटी घरी आलो. पाऊस नव्हता. संध्याकाळी कॉलनीतली मंडळी ओट्यावर जमली, मी पायऱ्या सांगितल्या, कण्या सांगितल्या, दीपिकाचा वाडा सांगितला. सगळे ऐकत होते. मग आमच्याच खात्यातून निवृत्त झालेल्या एका दोस्तानं सुपारी कातरता कातरता विचारलं, ‘तलाव किती टक्के व्हता?’

‘शंभर.’

‘जूनमधी?’

‘हाव.’

ओटा शांत झाला. त्यानंतर मी सांगितलेल्या कोणत्याच गोष्टीवर कोणाचा विश्वास बसला नाही. पुरावा म्हणून हिशेबाचा तो कागदी रुमाल दाखवावा म्हटलं, तर हिनं तो पँटच्या खिशासकट धुऊन टाकला होता.